एका घराला एकच पिशवी

बियाणे विक्रीच्या परवान्यावर नाव माझं आहे. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली मिळालेला हा कागद दुकानात दर्शनी भागी लावलेला आहे. गावातल्या जाणत्या माणसांना मात्र ठाऊक आहे, की हे दुकान तात्यांच्या मक्याच्या पैशांवर उभं राहिलं. लासलगावच्या बाजार समितीत मका घालून आलेली रक्कम त्यांनी कापडी पिशवीतून काढून माझ्या पुढ्यात ठेवली. कागद केला नाही, व्याज सांगितलं नाही. अट तेवढी सांगितली. पैसे मी पुढे फेडले. अट अजून फेडतो आहे.

तात्या माझे नात्यानं कोणी नाहीत. येवला तालुक्याच्या पूर्वेकडचा जो भाग पावसाच्या मर्जीवर जगतो, तिथलं त्यांचं गाव. खरिपात मका आणि सोयाबीन, आणि विहिरीला पाणी राहिलं तर मागून कांदा. आमच्याकडे वाण निवडताना उताऱ्याच्या बरोबरीनं एक प्रश्न विचारला जातो : रान मोकळं कधी होणार? कांद्याचं रोप तयार आणि सोयाबीन अजून हिरवं, अशी वेळ आली की एकरी दोन पोती जास्त देणारं वाणही नकोसं होतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन एका बियाणे कंपनीत लागलो, तेव्हा माझ्या बॅगेत चकचकीत माहितीपत्रकं होती आणि त्यांच्यावर क्विंटलचे आकडे ठळक छापलेले होते. दिवसांचे आकडे खाली, बारीक अक्षरात.

माझं काम होतं प्रात्यक्षिक प्लॉट उभे करण्याचं. नवा संकरित मका कोणाच्या तरी रानात लावायचा, फलक उभा करायचा आणि कणसं भरली की शेजारच्या चार गावांना बोलावून शेतकरी मेळावा घ्यायचा. चहा, भजी, टोप्या. तात्यांची जमीन रस्त्याला लागून होती म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

‘‘साहेब, तुमचा प्लॉट रस्त्यालाच कशासाठी लागतो?’’ त्यांनी विचारलं.

‘‘येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून.’’

‘‘मग माझा आतल्या रानात घ्या. मला बघायचाय.’’

एवढं बोलून ते उठले आणि मला शेत दाखवायला घेऊन गेले. विहिरीजवळ काळी, मधे मध्यम आणि टेकाडाच्या अंगाला मुरमाड. तिन्ही ठिकाणी नवं बियाणं पेरायचं, आणि प्रत्येक ठिकाणी नव्याच्या दोन्ही अंगांना त्यांचं नेहमीचं वाण, असं त्यांनी ठरवून टाकलं. पेरणी एकाच दिवशी, खत एकाच मापानं, खुरपणी एकाच मजुरांकडून. मी कंपनीकडून जादाचं विद्राव्य खत आणलं होतं. ते त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. ‘‘हे दोघांनाही देणार असाल तर ठेवा. नाहीतर लेकीला तूप आणि सुनेला ताक, असं व्हायचं.’’

पुढे पीक उभं राहिल्यावर त्यांची पाहण्याची पद्धत जवळून बघायला मिळाली. बांधालगतची तासं ते मोजणीत धरत नसत, कारण कडेच्या झाडाला ऊन आणि वारा जास्त मिळतो. निंबाच्या सावलीतला तुकडाही वगळत. कणीस नुसतं लांब असून भागत नाही. सोलून टोकापर्यंत दाणा भरलाय का ते पाहायचं, कणीस वजनाला किती आणि त्यातून दाणा किती निघतो तेही पाहायचं, कारण जाड गाभ्याचं कणीस डोळ्यांना फसवतं. दोरी टाकून सारख्या मापाचे तुकडे सोंगायचे, मका सारखा वाळवायचा आणि मगच काटा करायचा. ओला मका काट्यावर जड भरतो आणि बाजारात त्याचे पैसे कापले जातात. खरेदीची मर्यादा 14 टक्के ओलाव्याची. शेवटी दोन्ही वाणांची कुट्टी गाईंपुढे टाकायची. एकदा कंपनीच्या वाणाचं खोड गाईंनी दावणीत तसंच ठेवलं. तात्या हसून म्हणाले, ‘‘ह्या मतदारांनी तुमच्या विरोधात मत दिलंय.’’

कॉलेजात आम्ही ‘पानसे-सुखात्मे’ घोकलं होतं. व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं कृषी संशोधनातल्या सांख्यिकीवरचं ते इंग्रजी पुस्तक 1954 साली भारतीय कृषी संशोधन परिषदेनं काढलं आणि शेतकीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर पास झाल्या. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पिकाच्या उत्पादनाचा अंदाज कागदावर बसून करू नये, शेतं यादृच्छिक पद्धतीनं निवडून, मोजलेल्या तुकड्याची प्रत्यक्ष कापणी करून बांधावा, ही पद्धत देशात रुजवण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे. एकाच शेतात जमिनीचा कस जागोजागी बदलतो, म्हणून प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा करावा; नवं वाण जोखायचं तर जुनं, ओळखीचं वाण शेजारी हवं; हे सगळं मी परीक्षेत लिहून आलो होतो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या रानात मात्र त्याचा अर्थ लागला. तात्यांना हे कोणी शिकवलं, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘शिकवतंय कोण! नुकसान झालं की माणूस मोजायला लागतो.’’

त्या हंगामाच्या शेवटी आमच्या वाणानं काळ्या रानात तात्यांच्या नेहमीच्या मक्याला मागे टाकलं, मध्यम रानात बरोबरी केली आणि मुरमाडावर सपशेल मार खाल्ला. मी तिन्ही आकडे अहवालात लिहिले. वरिष्ठांना काळ्या रानाचा आकडा पुरेसा वाटत होता. मेळाव्यात मात्र तात्यांनी तिन्ही आकडे माइकवरून सांगितले, आणि वर म्हणाले, ‘‘भारी रान असेल त्यानं घ्या, चांगलं आहे. टेकाडावरच्यांनी नाद करू नका.’’ माझ्या हातून काही बाणेदार घडलं, असं नाही. हंगाम संपला, कंत्राट संपलं, ते पुढे वाढवलं गेलं नाही, इतकंच.

घरी बसायची वेळ आली तेव्हा तात्याच निरोप पाठवून भेटले. गावात कृषी सेवा केंद्र नव्हतं. खताच्या एका गोणीसाठी लोक येवल्याला जात होते. ‘‘तू दुकान टाक,’’ ते म्हणाले. ‘साहेब’ गळून पडून त्या दिवसापासून मी ‘तू’ झालो. पैसे त्यांनी दिले, आणि अट अशी घातली : नवं वाण विकायला हरकत नाही, पण पहिल्या हंगामात एका घराला एकच पिशवी. आणि घेणाऱ्याला सांगायचं, की शेजारी तुझं जुनं ठेव. निदान एक ओला आणि एक कोरडा पावसाळा त्या वाणानं पाहिला, की मग विक हव्या तेवढ्या.

तात्यांच्या पत्नी, काकू, आत चहा करत होत्या. त्यांनी तिथूनच स्वतःची एक अट जोडली. ‘‘आणि सोयाबीनचं बी जो दर साल विकत न्यायला येईल, त्याला घरचं ठेवायला शिकव.’’

दुकानदाराच्या दृष्टीनं या दोन्ही अटी म्हणजे आत्मघात. या धंद्यात कंपन्यांचं आगाऊ बुकिंग असतं, माल उचलण्याच्या स्कीम असतात, लक्ष्य गाठलं तर सहली असतात. नव्या वाणावर दुकानदाराला सुटतं जास्त, आणि शेतकऱ्याला उत्सुकता असते तीही नव्याचीच. अशा वेळी गिऱ्हाइकाला ‘‘एकच घे’’ म्हणणारा माणूस वेडा ठरतो. काही वर्षं मी तसा ठरलोही.

अटीतला ओल्या-कोरड्या पावसाळ्याचा भाग मला 2018 आणि 2019 मध्ये समजला. 2018 साली राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले. आमच्याकडेही दाणे भरायच्या वेळी पावसानं पाठ फिरवली. त्या वर्षी मक्याचं एक नवं संकरित वाण चमकलं. मुळं खोल, पानं शेवटपर्यंत हिरवी, कणसं ताठ उभी. पुढच्या खरिपासाठी त्याच्या पिशव्यांवर लोकांच्या उड्या पडल्या. मी घरटी एक दिली. बाकीच्या त्यांनी दुसरीकडून आणल्या आणि माझ्याकडचं खतही तिकडेच गेलं. 2019 चा परतीचा पाऊस ऑक्टोबर संपला तरी हटेना. ताठ उभ्या कणसांच्या टोकाला आवरण तोकडं होतं. त्या फटीतून पाणी आत गेलं, दाण्यांना बुरशी धरली, कणसांवरच कोंब फुटले. तात्यांचं जुनं वाण पिकलं की कणीस खाली मान टाकायचं आणि त्याचं आवरण टोकाबाहेर घट्ट मिटलेलं असायचं. भिजलं तेही, पण वाचलं बरंच. कोरड्या वर्षी ही खोट कोणाच्या नजरेला पडणंच शक्य नव्हतं. ती उघडी पडायला तसलाच पावसाळा यावा लागतो.

एक पिशवी नेलेल्यांचं नुकसान एका पिशवीपुरतं झालं. त्यांनी येऊन माझे आभार मानले, तेव्हा मी त्यांना तात्यांच्या घराकडे बोट दाखवलं.

त्याच सुमारास लष्करी अळीनं आम्हाला गाठलं होतं. अमेरिका खंडातली ही कीड 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात प्रथम आढळली आणि वर्षभरात आमच्या मक्याच्या पोंग्यांत येऊन बसली. मग कीटकनाशकाची प्रक्रिया केलेलं मक्याचं बियाणं बाजारात आलं. सायअँट्रानिलिप्रोल आणि थायामेथोक्झाम या औषधांचं. पिशवीची किंमत अर्थातच वाढली. तात्यांनी नेहमीप्रमाणे निम्मी तासं प्रक्रियेची, निम्मी बिनप्रक्रियेची पेरली. शेतात वेगवेगळ्या पाच जागी थांबून ते पोंगे खाल्लेली झाडं मोजत आणि मी लिहून घेत असे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फरक स्वच्छ दिसला. त्यानंतर अळी दोन्हीकडे सारखीच झाली. तात्यांनी निकाल दिला : ‘‘पहिली फवारणी वाचते, दुसरी वाचत नाही. पहिल्या फवारणीची मजुरी आणि औषध मांड, वाढीव किमतीशी ताडून बघ आणि लोकांना तेवढंच सांग.’’ मी तेवढंच सांगतो. कंपनीचा प्रतिनिधी मात्र ‘अळीमुक्त मका’ म्हणत होता. त्याच्या जागी एके काळी मी होतो, म्हणून मी त्याला चहा पाजतो. बोलणं मात्र गिऱ्हाइकासमोर खोडून काढतो.

काकूंच्या अटीची किंमत मला 2020 मध्ये कळली. संकरित मक्याचं बी घरी ठेवून चालत नाही. दुसऱ्या पिढीत झाडं कमी-जास्त उंचीची येतात, उत्पादन घसरतं. सोयाबीनचं तसं नाही. त्याचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे शुद्ध ठेवलं तर घरचं बी दोन-तीन वर्षं निर्धास्त वापरता येतं, आणि शेतकऱ्याचा तो हक्क 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं मान्य केलेला आहे. अडचण आहे ती त्याच्या नाजूकपणाची. टरफल पातळ, आत कोंब अगदी कडेला. मळणी यंत्राचा वेग जास्त झाला, पोतं उंचावरून आपटलं, थप्पी फार रचली, की दाणा दिसायला धडधाकट आणि उगवायला मेलेला. काकू बियाण्यापुरतं सोयाबीन यंत्रात घालू देत नसत, काठीनं बडवून घेत. त्याआधी फुलोऱ्यात त्या स्वतः रानात फिरत आणि जांभळ्या फुलांच्या पिकात पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की उपटून टाकत. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब.

2019 च्या त्याच ऑक्टोबरी पावसात बीजोत्पादनाचे प्लॉट भिजले होते. त्याचे परिणाम 2020 च्या जूनमध्ये दिसले. राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. आमच्या गावात मे महिन्यातच काकूंनी मला कामाला लावलं होतं. दुकानात आलेल्या प्रत्येक लॉटमधून शंभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि आठवड्यानं उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तरच्या वर असतील तर पेरायला योग्य. साठ-पासष्ट भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. त्याखाली असेल तर पोतं परत. माझ्याकडचे काही लॉट असे परत गेले. वितरक चिडला, पुढे कित्येक महिने उधारीवर माल देईना. ज्यांच्या घरी बी होतं त्यांचंही काकूंच्या ओसरीवर गोणपाटात तपासून झालं. जूनमध्ये शेजारच्या गावांत दुबार पेरणी चालू होती, तेव्हा आमच्या शिवारात सोयाबीन दोन पानांवर आलं होतं. दुकानाबद्दल लोकांच्या मनात जो विश्वास बसला तो त्या जूनमध्ये, आणि तो ज्या गोणपाटामुळे बसला ते माझं नव्हतं.

विस्तार शिक्षणाच्या तासाला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक जुना अभ्यास शिकवला होता. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी तिथल्या 259 शेतकऱ्यांना विचारून, संकरित मका कसा पसरला ते 1943 साली मांडलं. सर्वांत जास्त जणांना नव्या बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्याकडून मिळाली होती. ते वापरावं हे मात्र सर्वांत जास्त जणांना पटलं शेजाऱ्यामुळे. आणि एवढा फायद्याचा मका असूनही जवळजवळ प्रत्येकानं आधी थोड्या रानात लावून पाहिला, मग वाढवला. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाचन आता मला वेगळं दिसतं. मी विक्रेता आहे. बातमी देणं हे माझं काम. पटवण्याचं काम माझं नाही, ते शेजाऱ्याच्या रानाचं. तात्यांनी पैसे देताना माझ्यावर जे बंधन घातलं, त्याचा गाभा हाच होता. दोघांची कामं एकाच माणसानं करायला घेतली, की शेतकरी बुडतो.

तात्या नव्याचे वैरी आहेत, असा मात्र गावात काहींचा समज आहे. त्यांचा नातूही असंच मानायचा. तो मोबाइलवर अमेरिकेतली शेतं दाखवायचा. तिकडे तणनाशक मारलं तरी न मरणारं सोयाबीन 1996 पासून पेरलं जातं, आपल्याकडे जनुकीय बदलाचं पीक म्हणून व्यापारी लागवडीला आहे तो फक्त कापूस, तोही 2002 पासून. आपण मागे का, असा त्याचा सवाल. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘येऊ दे की. सरकारनं परवानगी दिली की आण. चार तासं त्यालाही देऊ.’’

मग एका खरिपात नातवानं ठरवलं, की या वेळी सगळ्या रानात फुले संगम. राहुरीच्या विद्यापीठाचं हे सोयाबीनचं वाण सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या केंद्रावर तयार झालेलं, केडीएस-726 या नावानंही ओळखलं जाणारं, तांबेऱ्याला तोंड देणारं. तात्यांच्या घरी वर्षानुवर्षं जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचं 1994 सालचं जेएस-335 चालत आलेलं. नातू माझ्याकडे आला. आमच्या गावच्या रानात संगम तोवर कोणी पेरलेलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे एकच पिशवी पुढे केली. तो रागावला आणि उरलेल्या पिशव्या येवल्याहून घेऊन आला.

संध्याकाळी तात्या दुकानात आले. मला वाटलं शाबासकी मिळणार. ‘‘पोराला रिकामं लावून दिलंस?’’ ते म्हणाले.

‘‘तात्या, अट तुमचीच आहे.’’

‘‘एक पिशवी दिलीस, ते बरोबर. पण तो सगळं रान त्याचंच करणार हे कळल्यावर दुसरं सांगायला हवं होतं. म्हणायचं, बाबा, पेर सगळं नवं, पण मधे दोन पट्टे 335 चे सोड. जुनं जास्त आणि नवं थोडं, की नवं जास्त आणि जुनं थोडं, ह्याला महत्त्व नाही. शेजारी-शेजारी असलं म्हणजे झालं.’’

पट्टे त्यांनी स्वतः उभं राहून सोडवून घेतले. विहिरीजवळच्या काळ्या रानात एक, वरच्या रानात एक. 335 आधी पिवळं पडलं आणि आधी निघालं. संगम आठवड्याहून जास्त मागे राहिलं. तोवर विहिरीजवळच्या तुकड्यात कांद्याचं रोप थांबून होतं. काटा झाला तेव्हा वजनात संगमनं 335 ला दोन्ही रानांत मागे टाकलं होतं. नातवानं आजोबांकडे बघितलं. तात्यांनी मातीत काडीनं हिशेब मांडला आणि वाटणी करून टाकली : विहिरीजवळ जिथे मागून कांदा घ्यायचा, तिथे लवकर निघणारं 335, वरच्या रानात, जिथे मागून काही नाही, तिथे संगम. नातवाला निम्मा विजय मिळाला आणि तो त्यानं खुशीनं घेतला. त्या दिवसापासून तो स्वतःच वहीत वजनं लिहितो आणि मला प्रत्येक वाणाचे दिवस विचारतो.

काकू आता फारशा बाहेर पडत नाहीत, पण मे महिन्यात गोणपाटाच्या गुंडाळ्या अजून त्यांच्याच ओसरीवर उघडल्या जातात आणि मोजलेला आकडा त्या मला फोनवर कळवतात. पैशांचा हिशेब कधीच पूर्ण झाला. फेडण्यासारखं जे उरलं आहे ते दर हंगामात नव्यानं येतं : कंपनीचा माणूस, त्याची स्कीम, समोर अधीर गिऱ्हाईक आणि गल्ल्यावर मी.

यंदा पेरणीच्या आधी तात्या दुकानात येऊन बाकावर बसले. वरच्या रानासाठी संगमचं घरचं बी काकूंनी तपासून ठेवलंय, विकत लागणार नाही, हे आधी सांगून टाकलं. मग फळीवरच्या पिशव्यांवरून नजर फिरवत म्हणाले, ‘‘संगम आता आमच्या घरचं जुनं झालं. त्याच्या शेजारी पेरायला काय आणलंयस?’’

मी एक पिशवी काढून दिली.